रिकाम्या भांड्याचा धडा

पत्र सकाळपासून टेबलावर होतं आणि ते उडू नये म्हणून दादाने त्यावर अर्ध्या किलोचं पितळी वजन ठेवायला लावलं होतं. एवढ्याशा कागदावर अर्धा किलो! धाकटी बहीण गुंज मनातल्या मनात हसली होती. पण दुपारी सगळे जमले, मधल्या भावाने वजन बाजूला सरकवून पत्र मोठ्याने वाचलं, तेव्हा तिला वाटलं, वजन कमीच पडलं.

"'आपण सादर केलेल्या वार्षिक माहितीवरून आपणांस दरमहा निवृत्तिवेतन मिळत असल्याचे दिसून येते,'" मधला वाचत होता. बँकेत कॅशियर म्हणून जन्म काढलेला माणूस. शब्दसुद्धा नोटांसारखे एकेक सोडवून टाकायचा. "'सदर निवृत्तिवेतन विहित मर्यादेपेक्षा अधिक असल्याने, मर्यादेवरील रकमेच्या निम्मी रक्कम आपल्या अपंगत्व भत्त्यातून पुढील महिन्यापासून वजा करण्यात येईल.'"

"आता हेच माणसांच्या भाषेत सांगा," वहिनी म्हणाल्या.

"सरकारने एक रेघ आखली आहे. पेन्शन रेघेच्या खाली असेल तर काही बोलत नाहीत. रेघेच्या वर गेलात, की जेवढं वर गेलं त्याच्या निम्मं भत्त्यातून कापतात. पेन्शन मोठी होत जाते तसा भत्ता बारीक होत जातो."

"तराजूच की तो," खिडकीशी बसलेला दादा म्हणाला. "एक पारडं खाली गेलं की दुसरं वर."

"दादा, गंमत नाही ही. सकाळच्या माणसाचा पगार त्या भत्त्यातून जातो."

गंमत नव्हती हे सगळ्यांना कळत होतं. सकाळचा माणूस रोज सहाला यायचा. दादाची अंघोळ, दाढी, कपडे, सदऱ्याची बटणं सगळं त्याच्याकडे. दादाचा उजवा हात कोपरापाशी संपत होता आणि डाव्याचा अंगठा आणि एक बोट तेवढं शाबूत होतं. त्या दोन बोटांत पेन धरून तो लिहायचा, तेही सुबक. बाकीच्या कामांसाठी गुंजने अडतीस वर्षांत ही खोलीच त्याच्या मापाची करून टाकली होती. दाराची कडी कोपराने दाबली की उघडायची. नळ पायाने चालायचा. चमच्याला चामड्याचा पट्टा होता आणि दांड्याच्या टोकाला शिशाचा बारीक गोळा, म्हणजे घास तोंडापर्यंत जाताना कलंडू नये. हा माणूस या खोलीत कुणाला हाक न मारता दिवस काढू शकायचा. फक्त सकाळचा तास सोडून.

"भत्ता कापला तर तो माणूस आठवड्यातून तीनच दिवस परवडेल," मधला म्हणाला. "मग इथे एकट्याने राहणं शक्य नाही. आमच्याकडे यावं लागेल."

"या की. खोली रिकामीच आहे," वहिनी म्हणाल्या, आणि त्या मनापासून म्हणाल्या.

गुंजने दादाकडे बघितलं. मधल्याच्या घरी पाच दारं होती आणि पाचही दारांना गोल, गुळगुळीत मुठी होत्या.

"पण मला एक कळत नाही," वहिनी पुढे सरकल्या. "पेन्शन आली कुठून? कंपनीने तर तेव्हा..."

"दादाचे हात गेले आणि कंपनीने हात वर केले," मधल्याने वाक्य पुरं केलं. हे वाक्य घरात इतकं जुनं होतं की त्यातलं हसूही झिजलं होतं.

पुतणी, मधल्याची मुलगी, इतका वेळ दाराशी उभी राहून कागद चाळत होती. औषधांच्या दुकानात काम करणारी पोर, बारीक अक्षर वाचण्यात तिचा हात धरणारं घरात कुणी नव्हतं. "हा बघा काकांनी भरलेला फॉर्म," ती म्हणाली. "यंदा नवीन रकाना आलाय. 'पेन्शन मिळते का? होय.' पुढे रक्कम. आणि 'देणारी संस्था'..." ती थांबली. तिने आत्याकडे बघितलं. "'कारखाना.'"

क्षणभर कुणाच्या काही लक्षात आलं नाही. मग मधल्याने कपाळाला हात लावला आणि खुर्चीत मागे रेलून इतका हसला की त्याचा चष्मा नाकावरून घसरला.

"अरे देवा! दादा! तू गुंजचं पाकीट लिहिलंस?"

"विचारलं ते लिहिलं," दादा म्हणाला. "पेन्शन मिळते का? मिळते. कोण देतं? कारखाना. यात खोटं काय आहे?"

कारखाना म्हणजे भिंतीपलीकडची ती खोली. चार पावलांत संपणारी. एक लांब बाक, काम आवळून धरणारे दोन शेगडे, भिंतीवर कानशी, आणि काचेच्या पेटीत सोनारांचे आणि औषधवाल्यांचे नाजूक काटे. त्यांचे आजोबा तराजू खांद्याला लावून बाजार हिंडायचे. आबांनी ही खोली घेतली आणि पहिल्याच दिवशी आईला बजावलं, दुकान म्हणायचं नाही, कारखाना म्हणायचं. आईने तो शब्द इतक्या ऐटीत वापरला की गल्लीतली माणसंही म्हणू लागली. सरकारी कचेरीतल्या माणसाला बिचाऱ्याला हे काय ठाऊक? त्याने कारखाना वाचला आणि दादाची जुनी वजनकाट्यांची कंपनी डोळ्यांपुढे आणली, चिमणीसकट.

आणि पेन्शन हा शब्द तर गुंजचाच.

गुंज म्हणजे सोनाराच्या तराजूतला तो लाल, काळ्या ठिपक्याचा दाणा. ती जन्मली तेव्हा दहा वर्षांच्या दादाने तिला हातात घेऊन म्हटलं होतं, "ही तर गुंजभर आहे!" नाव चिकटलं ते चिकटलंच. ती अठरा वर्षांची असताना कंपनीत ट्रक तोलायच्या काट्याची तुळई साखळीतून निसटली आणि दादाच्या हातांवर आली. अख्ख्या भागात त्याच्यासारखा काटा लावणारा कारागीर नव्हता. सहा महिने तो भिंतीकडे तोंड करून पडून होता. मग एक दिवस पलीकडे गुंज आबांच्या बाकावर कसलातरी जुना काटा घेऊन खटपट करत होती, तर भिंतीआडून आवाज आला, "दांडीखालची धार उलटी बसवलीस. ऐकू येतंय मला. दांडी रडतेय."

तिथून सुरुवात झाली. तो डोळे मिटून ऐकायचा, ती कानस चालवायची. "आधी शून्य बघ," हे त्याचं पहिलं वाक्य आणि शेवटचंही. पारडी रिकामी असताना काटा शून्यावर नसेल तर पुढचं सगळं तोलणं खोटं. दोन वर्षं तो रागावला, ओरडला, एकदा त्याने पायाने अख्खी पेटी उडवली. तिसऱ्या वर्षी सोनार आपले काटे घेऊन परत येऊ लागले.

पहिली कमाई हातात आली तेव्हा तिने थोडे पैसे पाकिटात घालून त्याच्या उशाशी ठेवले. त्याने कोपराने पाकीट ढकलून दिलं. "मी भीक घेत नाही."

वीस-एकवीस वर्षांची मुलगी ती, पण उत्तर असं दिलं की आबा पलीकडच्या खोलीत उठून बसले. "भीक कसली? पेन्शन आहे. नोकरी केलीस ना कारखान्याची? शिकवलंस ना? मग सही कर आणि घे."

त्याने दोन बोटांत पेन धरलं. तेव्हा अक्षर असं यायचं, जणू शाईत बुडालेली मुंगी कागदावरून गेली. 'पेन्शन पोचली.' तेव्हापासून प्रत्येक महिन्याच्या एक तारखेला एक पाकीट आणि एक पोचपावती. कारखाना वाढला तशी तिने पेन्शन वाढवली. "महागाई," ती म्हणायची. तो म्हणायचा, "कारखाना चांगला आहे, कामगारांचं बघतो." वाढता वाढता पाकीट सरकारच्या रेघेवरून कधी पलीकडे गेलं, हे दोघांनाही कळलं नव्हतं.

"सोपं आहे," मधला चष्मा पुसत म्हणाला. त्याने खिशातून एक कोरा कागद काढला आणि भराभर लिहिलं. "'मला कोणतीही पेन्शन मिळत नाही. मी उल्लेखिलेली रक्कम ही धाकट्या बहिणीकडून मिळणारी मदत आहे.' नातेवाइकांची मदत धरत नाहीत, मला माहीत आहे. कर सही, उद्या देऊन येतो."

दादाने कागद वाचला. सावकाश. मग नजर उचलली.

"मदत?"

"शब्द आहे रे, दादा."

"माझ्या सहीच्या अडतीस वर्षांच्या पोचपावत्या आहेत. एकीवर तरी मदत लिहिलंय?"

"अरे, कचेरीत घालायचा कागद आहे! तिथे कोण तुझी..."

"मी सही करतो त्याच्या खाली," दादा म्हणाला. "कचेरी नाही करत."

"मग पगार म्हणा," वहिनींनी तोडगा काढला.

"नको!" मधला आणि पुतणी एकदमच ओरडले. "पगार म्हटलं तर काम करता येतं असा अर्थ होतो," पुतणी म्हणाली. "अख्खा भत्ताच जाईल, आई."

"बाई बाई, काय हे! एका शब्दाने भत्ता बारीक होतो, एकाने मरतो. म्हणजे राहिलं काय? मदतच."

"हो ना," मधल्याने पेन पुढे केलं. "गुंज, तू सांग त्याला. तुझं ऐकेल."

गुंजला कळत होतं की मधला बरोबर आहे. पण मदत या शब्दाने काय होईल, तेही तिला दिसत होतं. ती देणारी होईल, तो घेणारा. इतक्या वर्षांत तिने आपल्या धंद्यात बरंच मिळवलं होतं. दोन शहरांतून काटे तिच्याकडे यायचे, वजनमापांचे तपासणीसाहेब तिचं काम बघून शिक्का आधी मारायचे आणि बोलायचे नंतर. पण तिची खरी मिजास एकच होती. हा एका बाकाचा कारखाना आपल्या जुन्या कारागिराला पेन्शन देतो. असं म्हणणारा दुसरा कारखाना आणा बघू.

ती बोलायच्या आधीच वहिनी बोलल्या.

"मदत काय असते ते मला विचारा," त्या नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या. "माझे वडील गेल्यावर मामाने आम्हाला सांभाळलं. देवमाणूस. शब्दाने कधी दुखावलं नाही. पण माझी आई ताटात दुसऱ्यांदा वाढून घ्यायच्या आधी मामाच्या तोंडाकडे बघायची. मरेपर्यंत. दादांना कधी वन्संच्या तोंडाकडे बघताना पाहिलंय तुम्ही? फाडा तो कागद."

गुंजने चमकून वर बघितलं. कारखान्याची जागा विकायची म्हणून याच वहिनी एकदा दोन वर्षं तिच्याशी बोलल्या नव्हत्या.

मधल्याने कागद फाडला नाही, पण खिशात घातला. "ठीक. मग कसं करायचं? शब्द जपायचा की खोली?"

"दोन्ही जपतो," दादा म्हणाला. त्याचा आवाज आता अगदी शांत होता, आणि तीच काळजीची गोष्ट होती. "एक तारखेपासून पेन्शन बंद. गुंज, पाकीट आणू नकोस. म्हणजे फॉर्मवर 'नाही' लिहिता येईल, आणि ते खरं असेल."

पलीकडे कारखान्यात एका काट्याची पारडी वाऱ्याने किणकिणली. गुंजला एकदम आपलं वय पुन्हा वीस आहे आणि कुणीतरी पाकीट कोपराने ढकलून दिलं आहे, असं वाटलं.

"थांबा," पुतणी म्हणाली. ती पत्रासोबत आलेली नियमांची घडी उलगडत होती. "इथे पेन्शनची व्याख्या आहे. 'पूर्वीच्या मालकाने अथवा निवृत्तिवेतन निधीने दिलेली रक्कम.' बस. घरच्यांनी आपखुशीने दिलेलं यात धरतच नाहीत, त्याला नाव काहीही द्या. मदत लिहायलाच नको, काका. त्यांच्या रकान्यात फक्त शून्य टाका. तेच बरोबर आहे."

मधला खूश झाला. पण दादाने मान हलवली.

"पारड्यात माल आहे आणि काटा शून्यावर. त्याला काय म्हणतात, ठाऊक आहे तुला? लबाड काटा. आबांनी असले काटे हातोड्याने फोडलेत. तुझ्या व्याख्येने कचेरी फसेल, पोरी. मी नाही फसणार."

आता मात्र गुंज उठली. पलीकडून आबांचा पितळी तराजू घेऊन आली आणि तो छताच्या आकड्याला अडकवला. पारडी थरथरून स्थिर झाली. तिने टेबलावरची रिकामी काचेची बरणी उचलली आणि डाव्या पारड्यात ठेवली. पारडं दाणकन खाली गेलं.

"हे काय चाललंय?" मधल्याने विचारलं.

उजव्या पारड्यात तिने विटेचा एक तुकडा टाकला. मग एक नट. मग दोन वॉशर. दांडी हळूहळू वर आली, डोलली आणि आडवी उभी राहिली.

"दादा, काय केलं मी?"

"धडा केलास," दादा म्हणाला. "शेंबडं पोरही सांगेल. बरणीचं वजन मालात धरू नये म्हणून आधी तेवढंच वजन समोर ठेवून बरोबरी करतात. त्याला धडा म्हणतात."

"आमच्या दुकानात त्याला एक बटण असतं," पुतणी पुटपुटली.

"पारड्यात बरणी आहे?" गुंजने विचारलं.

"आहे."

"काटा कुठे?"

"शून्यावर."

"लबाड आहे का?"

दादा मान पुढे काढून दांडी निरखू लागला.

"बरणी म्हणजे माझं पाकीट," गुंज म्हणाली. "आणि या बाजूला तू. दोन वर्षं भिंतीआडून शिकवलंस ते. पेटी लाथेने उडवलीस तेसुद्धा. आपली बरोबरी आपण अडतीस वर्षांपूर्वीच करून ठेवली आहे, दादा. ती बघून घेतल्याशिवाय एक महिनाही पाकीट आणलं नाही मी. आता त्याच्यावर सरकार काय घालतं, ते सरकारने तोलावं. त्यांच्या तोलात आपलं शून्यच आहे. खरं शून्य."

दादा तराजूकडे बघत राहिला. नंतर विटेच्या तुकड्याकडे. खोलीत सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"विटेच्या बाजूला मी?"

"हो."

"म्हणजे मला वीट म्हणालीस तू. सगळ्यांदेखत."

आधी वहिनी हसल्या, मग मधला. पुतणीने आत्याला कमरेभोवती विळखाच घातला. दादा हसला नाही, पण त्याने खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाला, "फॉर्म आण. दुसरा, कोरा. आणि पोचपावतीवर मी पेन्शनच लिहिणार. आधीच सांगून ठेवतो."

"लिही की. ते कागद कारखान्याचे आहेत."

त्याने शून्य काढलं. दोन बोटांत पेन, जीभ किंचित बाहेर. इतकं गोल, जणू कंपासने आखलं होतं.

दुसऱ्या दिवशी फॉर्म द्यायला मधला निघाला होता. दादाने नको म्हटलं, गुंजला घेऊन स्वतःच जायचं ठरवलं. सकाळच्या माणसाकडून त्याने इस्त्रीचा सदरा आणि कोट घालून घेतला, उजवी रिकामी बाही आणि डावा हात नेहमीसारखे खिशांत घालून घेतले. परक्या माणसांपुढे तो डावा हात खिशाबाहेर आलेला गुंजने कधी पाहिला नव्हता. निघताना त्याने कपाटाच्या तळातून एक घडी काढायला लावली. कंपनीचं पत्र. 'संस्थेवर निवृत्तिवेतनाचे कोणतेही दायित्व नाही.' घरात त्या कागदाला नाव नव्हतं. आई तो दिसला की पदर तोंडाला लावायची.

"आज कामाला येईल," दादा म्हणाला. "एवढी वर्षं फुकट जागा अडवून बसलाय."

कचेरीच्या खिडकीतली बाई तरुण होती, केस घट्ट बांधलेली, सर्दीने बेजार. तिने दोन्ही फॉर्म शेजारी ठेवले. "मागच्यावर पेन्शन होती, आज शून्य. गेली कुठे, आजोबा?"

"कुठे जाणार? घरीच आहे," दादा म्हणाला. "शब्द आमच्या घरातला, चौकट तुमची. मी घरातला शब्द तुमच्या चौकटीत घातला. चूक माझी. हे कंपनीचं पत्र बघा. त्यांनी एक पैसा दिलेला नाही. बाकी मिळतं ते माझी बहीण देते. तुमच्या व्याख्येत बसतं का, बघून सांगा. बसत असेल तर कापा, माझी तक्रार नाही."

बाईने त्याच्याकडे जरा निरखून बघितलं. मग कागद घेऊन ती आत साहेबांकडे गेली.

गुंजची नजर इतका वेळ तिच्या टेबलावर अडकली होती. तिथे टपाल तोलायचा एक छोटा काटा होता. पारडं रिकामं, आणि सुई शून्याच्या डावीकडे. बाई परत आली तेव्हा तिला राहवलं नाही.

"हा काटा असाच असतो का?"

"तो? चालतो तो," बाई म्हणाली. "साहेबांनी तुमचं बघितलं. पत्र जुनं आहे, पण चालेल. कपात रद्द. तसं कळवू घरी." तिने फॉर्मवर शिक्का मारला. त्या दणक्याने काट्याची सुई आणखीच डावीकडे गेली.

"चालतो म्हणजे काय?" दादाने मागून विचारलं. त्याचा आवाज थेट भिंतीआडून आल्यासारखा होता. "गुंज, आधी शून्य बघ."

गुंजने पिशवीतून बारीक स्क्रू-ड्रायव्हर काढला. बाईने नको म्हणेपर्यंत काटा तिच्यापुढे आलेलाही होता, आणि पाठीमागचा स्क्रू तिच्या बोटांखाली फिरत होता.

"एक राहिलं," बाई नाक पुसत म्हणाली. "जुनी नोंद खोडायची तर संस्थेचं लिहावं लागेल. हा जो कारखाना तुम्ही लिहिलाय, तो बंद पडला ना?"

"बंद?"

दादाने डावा हात खिशातून काढला. सगळ्या रांगेदेखत, दिवसाच्या लख्ख उजेडात. एक अंगठा आणि एक बोट. ते बोट त्याने सरळ बहिणीकडे केलं.

"हा काय उभा आहे. चालू आहे."

गुंजने मान वर केली नाही. सुई अजून केसभर डावीकडे होती.